उस्तादांचं थांबणं

उस्ताद प्रश्न विचारायचे आणि गप्प बसायचे. एक मिनिट, दोन मिनिटं. ऑनलाइन वर्गात एवढी शांतता पसरायची की मला वाटायचं, नेट गेलं. चाकणच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये तो वर्ग सांभाळायचं, म्हणजे हजेरी घ्यायचं आणि गोंगाट करणाऱ्यांना म्यूट करायचं काम माझ्याकडे होतं. मी मध्येच बोलले की ते म्हणायचे, "ताई, थांबा की जरा. पोरं इचार करतायत."

त्यांचं आयुष्य कारखान्यात मापं तपासण्यात गेलेलं. निवृत्तीनंतर थेरगावात, मुलाच्या स्पेअर पार्टच्या दुकानामागच्या खोलीतून ते शिकवायचे. मोबाइल खोक्यांच्या थप्पीला टेकवलेला, त्यामुळे आम्हाला त्यांची दाढी आणि हात एवढंच दिसायचं. एकदा त्यांनी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, मोबाइलजवळ धरून एका पिनचं माप घेतलं, वाचून दाखवलं आणि विचारलं, "ह्यात काय चुकलं?" चार मिनिटं कुणी बोलेना. मग दीड महिना तोंड न उघडलेली परभणीची एक मुलगी म्हणाली, "सर, पिन धरायच्या आधीच तुमच्या व्हर्नियरचं शून्य जुळत नव्हतं." उस्ताद इतके खूश झाले की धक्का लागून मोबाइलच पडला. आम्हाला नुसतं छत दिसत होतं आणि त्यांचा आवाज येत होता, "शाबास! आता तुला कुणी फसवू शकत न्हाई!"

पुढे व्यवस्थापनाने तासांचं रेकॉर्डिंग मागितलं. मी मन लावून काटछाट केली, सगळी शांतता काढून टाकली. तास वीस मिनिटांत बसला. साहेब म्हणाले, "मग दर बॅचला माणूस कशाला हवा?" मलाही ते पटलं, हे कबूल करायला हवं.

उस्तादांचा फोन आला. "ताई, व्हिडिओ बघितला. झ्याक झालाय. पुढची बॅच कधी हाय?"

"कळवते," मी म्हणाले. त्यानंतर दोनदा त्यांचा फोन आला, दोनदा मी तेच म्हणाले.

गेल्या वर्षी ते गेले. ग्रुपवर बातमी आली. सगळ्यांसारखे मीही हात जोडले आणि हजेरी भरायला घेतली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. अजूनही येत नाही. हे काही बरं लक्षण नव्हे, एवढं मला कळतं.

व्हिडिओ दर बॅचला चालतो. ते आता नाहीत, हे नव्या मुलांना कुणी सांगत नाही. परवा एकाने खाली लिहिलं होतं, "उस्ताद, मला नाही समजलं. परत सांगाल का?"

मी लिहिलं, "व्हिडिओ पुन्हा बघा," आणि पाठवून दिलं.