डाव्या चाकामागचं झाकण

"मोजल्या काय?"

संध्याकाळी चौकीदारानं किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला की बाकावरून हा प्रश्न यायचा. विचारणाऱ्याचा आमच्या किल्ल्यांशी काडीचाही संबंध नव्हता. आमच्या संग्रहालयात तिकीट काढून आलेले ते एक प्रेक्षक. पण चहाचे कप परत जाताना, शाळेची सहल फाटकाबाहेर पडताना त्यांचं आपलं तेच. "मोजले काय?" एकदा सहलीच्या बाईंनी खरंच मुलं मोजली, तर एक कमी भरलं. हेलिकॉप्टरच्या सावलीत एक मुलगी निवांत डबा खात बसलेली सापडली. बाकावरच्या त्या गृहस्थांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू. निदान तोंडावर तरी. देखरेखीच्या नोंदवहीत मी त्यांना 'संशयित इसम' असं लिहिलेलं आहे, अजूनही ते तसंच आहे.

माझा स्वभाव थोडा संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली तरी मी जुडी सोडून बघतो, असं बायको म्हणते. अशा माणसाला संग्रहालयाची देखरेख मिळाली, म्हणजे कुंपणाला आणखी काटेच आले. गोंदियाबाहेर, धानाच्या बांध्यांना लागून आमचं छोटंसं आवार आहे. सेवेतून उतरवलेलं एक लढाऊ विमान, एक हेलिकॉप्टर, थोडी जुनी यंत्रं. लोक येतात, विमानापुढे उभं राहून दोन बोटं वर करतात, फोटो काढतात आणि जातात. तुम्हीही आलात तर हेच कराल.

काकाजी कधीच विमानापुढे उभे राहिले नाहीत. दर मंगळवारी दवनीवाड्याहून एसटीनं यायचे, सोबत कापडी पिशवी. पिशवीतून वर्तमानपत्र काढून विमानाच्या पोटाखाली अंथरायचे आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस त्यावर उताणा पडायचा. मग छोटा कॅमेरा आणि काडीला बसवलेला, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा बाहेर निघायचा. फोटो फक्त एकाच जागेचे. डाव्या चाकामागच्या हातभर झाकणाचे आणि त्याच्या कडेच्या फटीचे.

"साब, ये आदमी ठीक नहीं लगता," चौकीदार म्हणाला. "पूरा जहाज छोड़ के एक ही ढक्कन का फोटो कौन निकालता है?"

मला तेवढंच पुरलं. तिसऱ्या मंगळवारी मी ओळखीच्या पोलीस जमादाराला साध्या कपड्यांत बोलावून ठेवलं. काकाजी विमानाखालून बाहेर आले तसा आम्ही कॅमेरा मागितला. त्यांनी मुकाट्यानं दिला. शंभरावर फोटो निघाले आणि सगळ्यांत तेच झाकण. जमादार कंटाळून चहा प्यायला निघून गेला. जाताना मला म्हणाला, "बाबू, म्हातारा खुळा आहे. कायले तरास देता त्याले?"

पण मी आरसा ठेवून घेतला. नियमात बसतं की नाही, ते पाहिलं नाही.

काकाजी बाकावर बसले. गुडघे चोळले. मग म्हणाले, "बाबू, या झाकनामागं माजा पाना आहे. म्हंजे असन. मले ठाऊक नाही."

ते वायुदलात विमानं दुरुस्त करायचे. तिथली रीत त्यांनी मला सांगितली. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची, पेचकसाची आकृती रंगवलेली असते. काम संपलं की प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीवर परत जायला हवं. एकही आकृती रिकामी राहिली, तर ते सापडेपर्यंत विमान हलत नाही. सगळं मोजून मगच कागदावर 'पूर्ण' लिहून सही करायची.

"मी सुट्टीवर निघालो होतो. पोरगी झाल्याची तार आलती. गाडी सुटन म्हनून घाई होती. न मोजताच सही केली. गाडीत बसलो तवा आठवलं, तेरा नंबरचा पाना मी या झाकनात हात घालून वापरला होता. परत ठेवल्याचं काही आठवेना."

"मग कळवलं का नाही?"

"भेलो. महिन्यानं परत गेलो त पान्याच्या जागी पाना होता. पन थो नवाकोरा होता. कोनं ठेवला, मी इचारलं नाही. मले बी कोनं इचारलं नाही."

ते विमान पुढे कित्येक वर्षं उडत राहिलं. ते धावपट्टीवरून सुटलं की काकाजी कामाच्या जागी खिळून उभे राहायचे, परत उतरेपर्यंत. पाना आत असेल आणि एखाद्या तारेत अडकला असेल, तर वर बसलेलं पोरगं गेलं. बदली झाल्यावर तर ते रोज वर्तमानपत्रात विमान पडल्याची बातमी शोधत राहिले. निवृत्तीनंतर एक दिवस आमच्या विमानाचं छायाचित्र पेपरात आलं आणि त्यांनी शेपटीवरचा क्रमांक ओळखला. आरशातून आतला थोडाच भाग दिसायचा. बाकीचा अंधार.

त्यांनी पिशवीतून अर्ज काढला. वळणदार अक्षरात चारच ओळी होत्या. डाव्या चाकामागचं झाकण पाच मिनिटं उघडू द्यावं, स्क्रू चारच आहेत, मी स्वतः हात लावणार नाही.

खरं सांगतो, मला गोष्ट फार गोळीबंद वाटली. झाकण उघडल्यावर हा माणूस काही काढणार आहे की ठेवणार आहे, असं माझ्या डोक्यात आलं. मी म्हणालो, "वर पाठवतो." आणि अर्ज टेबलाच्या खणात टाकला.

त्यानंतर किल्ल्यांच्या प्रश्नाला एक जोड आली.

"वरून आलं काय?"

"अजून नाही, काकाजी."

"येईल. सरकारी काम आहे."

आरसा नव्हता म्हणून ते आता नुसते बाकावर बसून विमानाकडे बघत. त्यांच्या बायकोनं दिलेले लाखोळीच्या डाळीचे वडे मला आणि चौकीदाराला वाटत. चौकीदार लगेच खायचा. मी आधी वास घ्यायचो. असा एक पावसाळा गेला, मग हिवाळा लागला. मंगळवारी ते दिसले की मला खण आठवायचा आणि थोडी लाज वाटायची. पण एकदा 'पाठवला' म्हटल्यावर आता पाठवायचा कसा? तारीख कोणती घालायची? माझ्यासारख्या माणसाची नोकरी अशाच गोष्टींवर अडते.

मग ते यायचे थांबले. तुम्हाला वाटेल, मला काळजी वाटली. नाही. माझ्या मनात आलं, याचं काम झालेलं दिसतंय. मी त्याच दिवशी विमानाखाली जाऊन झाकणाचे चारही स्क्रू तपासले. जुना रंग जागच्या जागी होता.

उन्हाळ्याच्या तोंडी विमानाला नवा रंग द्यायला माणसं आली. गंजलेली झाकणं त्यांनी काढून खाली ठेवली. डाव्या चाकामागचं काढायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. मी खणातून आरसा आणला, वर्तमानपत्र अंथरलं आणि उताणा पडलो. विजेरी लावून कानाकोपरा पाहिला. हात घालून चाचपलं. कुंभारमाशीचं मातीचं घर होतं आणि धूळ. पाना नव्हता. कदाचित तो कधीच तिथे नव्हता.

मला इतका आनंद झाला की रविवारची वाट न बघता मी स्कूटरवर दवनीवाड्याला गेलो. वाटेत मी वाक्यसुद्धा जुळवलं होतं: काकाजी, मोजलं, काही कमी नाही.

अंगणात काकू धान पाखडत होत्या. पडवीत बुद्धाच्या मूर्तीशेजारी काकाजींचा फोटो होता, गणवेशातला, आणि त्याला हार होता. थंडीतच गेले, त्या म्हणाल्या. छातीत दुखलं आणि आटोपलं. मला पाणी देताना त्यांनी विचारलं, "तुमी थेच बाबू काय, अर्ज वर पाठवनारे?"

मी मान हलवली.

"लय नाव घेत तुमचं. म्हनत, बाबू काटेकोर मानूस आहे, त्याच्या हातून कागद हरपनार नाही. दवाखान्यात बी इचारत होते. वरून आलं काय?"

"आलं," मी म्हणालो. "आत काही नव्हतं, काकू. पाना नव्हता."

त्या सूप खाली ठेवून फोटोकडे बघत राहिल्या. "पाहा, उगाच घोर लावून घेतला होता तुमी," त्या त्यांना म्हणाल्या. पदरानं त्यांनी फोटोची काच पुसली. मग माझ्याकडे वळून साधेपणानं विचारलं, "कवा आलं, बाबू?"

मी आरसा त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "उशिरा."

अर्ज अजून माझ्या खणातच आहे, हे मी त्यांना सांगू शकलो नाही. तुम्हाला सांगतो आहे.