पाच नंबरची बेल

आधीच सांगतो, मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. कॉलमवर हातोडी मारून आवाज ऐकायचा, काँक्रीटचे नमुने लॅबला पाठवायचे, रिपोर्ट लिहायचा, हा माझा धंदा. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी चहा पिताना वाचतो, गालातल्या गालात हसतो आणि सोडून देतो. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण मला एका बाईंबद्दल सांगायचंय आणि ही गोष्ट गाळून ते सांगताच येत नाही.

जागा डोंबिवली पूर्व. स्टेशनपासून चालत आठेक मिनिटं, भाजीवाल्यांची गल्ली संपते तिथे एक मजली बिल्डिंग आहे. पूर्वी ते प्रसूतिगृह होतं. चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई वारल्या, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि अकरा वर्षं गेटला कुलूप. स्टेशनजवळ एवढी जागा रिकामी म्हटल्यावर बिल्डर लोक काय गप्प बसतात?

पण त्यांच्याआधी तिथे नलिनीताई पोचल्या होत्या. त्याच प्रसूतिगृहातल्या सिस्टर, आता सत्तरीला आलेल्या. आसपासच्या सोसायट्यांमध्ये मुलं परदेशी आणि आईवडील दिवसभर टीव्हीसमोर, अशी घरं त्यांनी स्वतः फिरून पाहिलेली. त्यांना या इमारतीत म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसाचं केंद्र काढायचं होतं. सकाळी यायचं, जेवायचं, व्यायाम, पत्ते, गप्पा, संध्याकाळी घरी. त्यासाठी त्या तीनदा एसटीने पुण्याला जाऊन डॉक्टरीणबाईंच्या मुलीला भेटल्या. शेवटी ती म्हणाली, "इंजिनीअरने इमारत सुरक्षित आहे असं लेखी दिलं तर वापरा. नाहीतर मी बिल्डरला हो म्हणते."

तो इंजिनीअर म्हणजे मी.

खरं सांगू? बाळकुमच्या माझ्या घरून निघतानाच माझ्या डोक्यात रिपोर्ट तयार होता. अकरा वर्षं बंद — पाडा. पण टेरेसवर गेलो आणि थबकलो. एक रोपटं उगवलेलं नाही. पावसाचं पाणी जाणारे पाइप स्वच्छ. खाली खोल्यांना कोंदट वास नाही. बंद इमारत मरते ती बहुतेक वेळा याच दोन गोष्टींनी, तुंबलेलं पाणी आणि कोंडलेली ओल.

"ताई, वर कोण येतं हो?"

"मीच येते. दर शनिवारी खिडक्या उघडते, दुपारी लावून जाते. मे महिन्यात पाइप काढते साफ करून."

"अकरा वर्षं? कोणी सांगितलेलं तुम्हाला?"

"अहो, किल्ली माझ्याकडेच राहिली होती ना," एवढंच म्हणाल्या.

मी या धंद्यात बरीच माणसं बघितली. इमारतीवर भाषण करणारी पुष्कळ, टेरेसचा पाइप साफ करणारी ही पहिलीच.

त्याच दिवशी त्यांनी मला जिन्याखालची लाकडी पेटी दाखवली. पुढे काच, काचेमागे एक ते सात आकडे. वरच्या खोलीतल्या पेशंटने बटण दाबलं की पेटीतली बेल वाजायची आणि त्या खोलीचा आकडा खटकन खाली पडायचा. मला गंमत वाटली म्हणून मोबाईलवर फोटो काढला. सातही आकडे जागच्या जागी होते. हा फोटो अजून माझ्याकडे आहे.

पुढच्या शनिवारी मी नमुने घ्यायला गेलो. सोबत पाटील मिस्त्री, मोहने गावचे. तीस वर्षं रिपेअरिंगचं काम केलेला माणूस. आम्ही मागच्या अंगणात कॉलमला मशीन लावून बसलेलो. साडेबाराच्या सुमारास ताई येऊन म्हणाल्या, "मी निघते रे, कुलूप तेवढं आठवणीने लावा." मशीनच्या आवाजात मी नुसता हात हलवला.

एक वाजून गेल्यावर आम्ही आवरलं. बाहेर आलो, दार ओढलं. मिस्त्रींनी कुलूप घातलं. पुढचा आठवडाभर मी साताऱ्याच्या कामावर असणार होतो, त्यामुळे तिथे कोणी फिरकणार नव्हतं.

आणि आतून बेल वाजली.

टर्रर्रर्र... लांबलचक. थांबली. पुन्हा टर्रर्रर्र. मी मिस्त्रींकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.

"सायब, आयकलाव ना?"

"शेजारी कुठेतरी असेल."

"जल्ला शेजारी! आतशी येतंय. आन् लाईट कुठं हाय इथं?"

लाईट नव्हतीच. मीटर कधीच काढून नेलेला, आमचं मशीनसुद्धा शेजारच्या दुकानातून वायर ओढून चाललेलं. कुलूप काढून आत गेलो तोवर आवाज बंद. जिन्याखाली पेटी शांत. फक्त पाचाचा आकडा खाली पडलेला.

त्या क्षणी भीती वगैरे वाटली नाही. भर दुपार, बाहेर भाजीवाल्याची आरोळी चालू. पण पाय आपोआप जिन्याकडे वळले. मिस्त्री माझ्या पुढे.

पाच नंबरच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर ताईंची पर्स. ताई नाहीत. मग बाथरूमच्या दारामागून कसलीतरी घरघर ऐकू आली. दार फुगून चौकटीत घट्ट बसलेलं. मी खांदा मारला, हललं नाही. मिस्त्रींनी खालून पहार घालून उचकटलं, तेव्हा उघडलं.

ताई जमिनीवर बसलेल्या, पाठ भिंतीला, ओठ निळसर. त्यांना दमा होता. पंप पर्समध्ये आणि पर्स दाराच्या या बाजूला. मी पंप त्यांच्या तोंडाला लावला. तो वाकडा लागला, त्यांनी तशाही अवस्थेत माझं मनगट धरून नीट लावून घेतला. दोन-तीनदा ओढल्यावर छाती जरा सैल झाली. रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

संध्याकाळी त्या उठून बसल्यावर सगळं कळलं. निघता निघता वरच्या खिडक्या राहिल्याचं आठवलं म्हणून त्या परत वर गेलेल्या. बाथरूमची खिडकी लावताना वाऱ्याने दार आपटलं ते अडकलंच. धूळ उडाली, दम लागला, हाक मारायला श्वास उरला नाही.

"पण बेल वाजवलीत ते बरं केलंत," मी म्हटलं.

"बेल? मी आत होते. बटण असायचं ते बाहेर, पलंगाच्या जागी."

"मग कोणी वाजवली?"

त्यांनी पांघरूण ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे बेल वाजली आणि कोणी गेलं नाही, असं कधी झालं नाही रे. डॉक्टरीणबाईंची शिस्तच होती तशी." आणि कूस बदलून झोपल्या.

साताऱ्याहून आल्यावर मी आधी ती पेटी उघडली. बॅटरीची जागा रिकामी, तिथे कोळ्याचं जाळं. वायरी भिंतीतच तोडलेल्या. पाच नंबरच्या खोलीत बटण नव्हतंच, भिंतीत नुसतं भोक.

रिपोर्ट मी बेल ऐकून दिला, असं कृपा करून कोणी लिहू नका. लॅबचे आकडे चांगले आले. खालच्या तीन कॉलमना बाहेरून काँक्रीटचा वेढा द्यावा लागला, गंजलेल्या सळया बदलल्या, बाकी इमारत ठणठणीत. ती तशी राहिली कारण एक बाई अकरा वर्षं दर शनिवारी खिडक्या उघडत होती. तेवढं कारण मला पुरेसं आहे.

केंद्र सुरू होऊन आता दीड वर्ष झालं. सकाळी दहाला गेटसमोर रिक्षा लागतात, आजोबा लोकांची खिडकीजवळच्या खुर्चीवरून भांडणं होतात. जिथे पाळणे होते तिथे आता कॅरम चालतो. शेजारच्या गल्लीतली बंद पडलेली शाळा अशीच वापरात आणता येईल का, म्हणून दोघं-तिघं ताईंना विचारूनही गेले.

बेलचं कोडं मात्र मला अजून सुटलेलं नाही. तीन इलेक्ट्रिशियनना विचारलं. एक म्हणाला कंपनाने आकडा पडला असेल. ठीक आहे, आकडा पडेल हो, पण बेल? ती आम्ही दोघांनी ऐकली, दोनदा. मिस्त्री या विषयावर बोलतच नाहीत, येता-जाता पेटीला नमस्कार करतात. इथे कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा.

मागच्या आठवड्यात ताईंना पुन्हा छेडलं, "खरंच सांगा, तुम्हाला काय वाटतं?"

त्या पोळ्यांचे डबे मोजत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मला वाटतं जिन्याचा कठडा हलतोय. आधी तो बघ."

गेलो. हलत होता.