मामाचं पूर्ण नाव

मामा पाण्यात गेला की मला झोप यायची. ती सवय अजून गेलेली नाही. आजही वाहतं पाणी पाहिलं की डोळे जड होतात. काळू नदीला आमच्या गावाजवळ एक डोह आहे. दुपारची जेवणं आटोपली की मी त्याच्या काठच्या खडकावर जाऊन बसायचे. मामा मासे धरायला बुडी मारायचा, पाणी वरून पुन्हा मिटायचं, आणि मग कितीतरी वेळ काहीच व्हायचं नाही. तापलेला खडक, लांबून टिटवीचा आवाज, पाण्यावरून हळूहळू सरकणारी ढगाची सावली. मी आकडे मोजायला घ्यायचे आणि साठ-सत्तरच्या आसपास माझी मोजणी विरघळून जायची. डोळे उघडावेत तर मामा भलतीकडेच, पार त्या काठाला, उंबराखाली डोकं वर काढून हसत असायचा. तो खरंच तेवढा वेळ पाण्याखाली असायचा की माझीच डुलकी लांबलेली असायची, हे मला आजही सांगता येणार नाही.

मामा सख्खा नव्हता. नदीपलीकडच्या कातकरी वाडीतला होता. माझ्या जन्माआधी कधीतरी गवत कापून येताना आईचा नवा विळा पाण्यात पडला होता आणि यानं तिसऱ्या बुडीत तो वर काढून दिला होता. आईनं त्याला चहा पाजला आणि भाऊ म्हटलं, म्हणून आमचा तो मामा. त्या वाडीतली माणसं पाण्यात गेलेलं काहीही काढून देतात. विळा देतात, घागर देतात. बुडालेलं माणूसही देतात.

म्हणून वाडीवर पोलिसांची जीप दोन कामांसाठी यायची. पावसाळ्यात शहरातून आलेलं कुणी डोहात बुडालं की प्रेत काढायला माणसं हवीत म्हणून. आणि बाकी वर्षभर, आजूबाजूच्या गावांत काही चोरीला गेलं की पकडायला माणसं हवीत म्हणून. जीपचा आवाज दोन्ही वेळा सारखाच. तेव्हा वाडीनं आपलं सरळ ठरवून टाकलं होतं, आवाज आला की रानात पळायचं. पाच मिनिटांत मागे फक्त म्हातारी माणसं आणि कोंबड्या उरायच्या.

माझे बाबा गावचे पोलीस पाटील होते. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या काळी घरानं जुना धर्म सोडला आणि त्याबरोबर जातीचं जुनं नावही टाकलं. ज्यांनी आजोबांना ओट्याखाली उभं केलं त्यांचीच पोरं आता बाबांना 'पाटील' म्हणून हाक मारायची, आणि बाबांना ते ऐकायला इतकं आवडायचं की कुणी रस्त्यात नुसतंच 'ओ' म्हटलं तर ते मागे वळायचेच नाहीत. मी त्यांना यावरून चिडवायचे. तेही हसायचे. एकंदरीत माणूस चांगला होता, हे आधीच सांगून ठेवते.

मी मुरबाडला कॉलेजात जायला लागले त्या वर्षीची ही गोष्ट. गणपतीच्या आधी नदीकाठच्या एका शेतावरून पाण्याची मोटार नाहीशी झाली. जीप आली, वाडी पळाली, आणि मामा पळता पळता बांधावरून घसरून पडला म्हणून सापडला. तिसऱ्या दिवशी कळलं की मोटार मालकाच्या जावयानंच दुरुस्तीला नेली होती आणि सासऱ्याला सांगायचं विसरला होता. मामाला सोडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं तर चोरच नव्हता. दोन दिवसांत त्याच्या उजव्या कानावर इतक्या थपडा बसल्या होत्या की कानातून पाणी यायला लागलं. त्याला कुणी 'चुकलं' म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "कातोडी तो कातोडीच. पळाला नसता तर येवढा मार तरी बसला नसता."

"बाबा, तो शब्द नका म्हणू," मी म्हटलं.

"मंग काय म्हणू? ते सोताला तेच म्हणतात. जातीचं नाव हाय, शिवी नाय."

"शिवी नाय तर मी केस विंचरले नाय की आई मला तेच का म्हणते?"

आई तव्यावर भाकरी टाकत होती. ती पटकन म्हणाली, "ते आपलं बोलायची पद्धत हाय गो. मनात काय नसतं."

"आपल्याला जुन्या नावानं हाक मारायचे तीपण बोलायची पद्धतच होती ना?" मी म्हटलं. "तेपण जातीचंच नाव होतं."

बाबांचा हात ताटातच थांबला. मला वाटलं आता एक कानाखाली बसणार. पण ते उठले, हात धुतला, आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "दोन बुकं शिकली आणि बापाला शिकवाया लागली." अर्धी भाकरी ताटात तशीच राहिली. मला जिंकल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. खरं तर मी काही साव नव्हते. शाळेत वाडीतली एक मुलगी माझ्या बाकावर बसायची, आणि तिच्याशी भांडण झालं की माझ्याही तोंडून पहिल्यांदा तोच शब्द यायचा.

गणपती गेले. भात निसवायला लागलं, लोंब्या बाहेर आल्या, पाऊस मध्येच यायचा आणि मध्येच विसरून जायचा. अशाच एका दुपारी शहरातला एक कॉलेजचा पोरगा डोहात बुडाला. त्याचे दोस्त काठावर थिजून बसले होते. फोन गेला तसा तासा-दोन तासांत त्याचा बाप येऊन पोचला, ऑफिसच्या कपड्यांत, पायात बूट. त्याच वेळी जीप वाडीवर गेली आणि रिकामीच परत आली.

"पळाले बघा सगळे," जीपमधले साहेब बाबांना म्हणाले. "पळाले म्हणजे काहीतरी केलेलंच असणार."

 बाबा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तू जा गो. तुझ्या हाकेला येईल तो."

कॉलेजातून आले होते तशीच, दप्तर खांद्यावर घेऊन मी रानात गेले. त्या चालण्याचं मला नीट काही आठवत नाही, आणि आठवतं ते सगळं संथ आणि हिरवं आठवतं. सागाच्या पानांवरून मागच्या सरीचं पाणी अजून टपटपत होतं. धुकं खाली उतरलं होतं आणि झाडांचे बुंधे त्यात अर्धे अर्धे दिसत होते. मी "मामा, मामा" करत फिरत होते. प्रत्येक झाडामागं कुणीतरी श्वास धरून उभं आहे, माझ्या ओळखीची माणसं, बायका, कडेवरची पोरं, आणि मला बघून ती हसत नाहीत, असं वाटत होतं. एकदा एक लहान मूल खोकलं. मी तिकडे वळले तर तिथं नुसती कारवी हलत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मी थकून एका ऐनाच्या झाडाखाली बसले, आणि मामा माझ्यापासून चार हातांवर उभाच होता. उजव्या कानात कापसाचा बोळा होता.

"पोरगा बुडालाय मामा, शहरातला."

"कान वाहतोय गो," तो म्हणाला. "खाली गेलो की कान लय दुखंल."

 त्यानं बोळा बोटानं आत दाबला. मग म्हणाला, "बाप आलाय?"

"आलाय."

"मंग काढतो. पन पोलिसांच्या कागदात माजं नाव लिवायचं. पुरं. माजी पोरगी मला पेपर वाचून दावते. चोरीचं आसंल तर पुरं नाव लिवतात, बापासकट, वाडीसकट. मुडदा काढला की 'स्थानिकांनी काढला'. बारा मुडदे काढले मी. बाराच्या बारा स्थानिकांनी काढले."

"लिहायला लावते," मी म्हटलं. मी तिथल्या तिथं शब्द दिला. द्यायला माझं काय जात होतं?

नदीवर आल्यावर मामानं कानातला बोळा काढून दगडावर ठेवला, पाणी हातात घेऊन कपाळाला लावलं आणि बुडी मारली. पाणी मिटलं. काठावर इतकी माणसं असून आवाज नव्हता. मी लहानपणीसारखीच मोजायला लागले. डोह हिरवा होता, वर उन्हाची एक तिरीप पडली होती आणि तिच्यात चतुर उडत होते. मला लाज वाटते सांगायला, पण त्याही वेळी माझ्या डोळ्यांवर पेंग आली. मामा दोनदा रिकामा वर आला. दुसऱ्यांदा त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं आणि हात काठ शोधत होता, काठ उजवीकडे असताना डावीकडे. मला रडूच फुटलं. 'पुरे' असं ओरडावंसं वाटलं, पण त्या बापाकडे बघून ओरडता आलं नाही.

तिसऱ्या बुडीला तो पोराला घेऊन वर आला. डोकं आपल्या खांद्यावर घेऊन, झोपलेल्या लेकराला घेऊन यावं तसा. बापानं बुटांसकट पाण्यात जाऊन पोराला घेतलं, आणि मग मामाचे पाय धरले. मामा दचकून मागे सरला. त्याच्या पायांना तोवर कुणी हात लावलेला नसावा. कानातून पाण्याबरोबर रक्त येत होतं.

पंचनामा बाबा लिहायचे, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि साहेबांना ते ठाऊक होतं. बारीक पाऊस सुरू झाला होता. मी कागदावर छत्री धरून उभी राहिले. साहेब सांगत होते, "…सदर मृतदेह स्थानिकांच्या मदतीने…"

"पाटील," मामा म्हणाला. "नाव."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "साहेब, ह्याचं नाव टाकू का?" बाबांनी विचारलं.

"टाका की," साहेब म्हणाले आणि गाडीचं बघायला निघून गेले.

इतकं सोपं होतं ते. बाबांनी मामाचं नाव लिहिलं आणि थांबले. बापाचं नाव काय, आडनाव काय? बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की ते मलाही माहीत नाही. ज्याच्या अंगाखांद्यावर मी वाढले, ज्याच्यासाठी शब्द देऊन आले, त्याचं पुरं नाव मी आयुष्यात कधी विचारलंच नव्हतं. मामा समोर उभा होता, त्याला विचारता आलं असतं. पण हाताची सवय मोठी. बाबांनी पिशवीतून आपली जाड वही काढली आणि न शोधता एक पान उघडलं.

पानाच्या वर लिहिलं होतं, 'गावातील संशयित इसम'. ही यादी दर वर्षी पोलीस स्टेशनला द्यायची असते म्हणे. अकरा नावं होती, अकराही वाडीतली. मामाचं तिसरं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, वय, धंदा मोलमजुरी, डाव्या भुवईवर जुना वण. सगळं बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात. बाबांनी ते बघून बघून पंचनाम्यात उतरवलं, एकही काना-मात्रा न चुकवता.

मामाला वाचता येत नव्हतं, पण पोरीनं सही शिकवली होती, त्यामुळे आपलं नाव दिसलं की तो ओळखायचा. तो वाकला. एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा वहीकडे.

"दोन्हीकडं माजंच हाय ना गो?"

"हो मामा."

"आनि तितं काय म्हणून हाय?"

 बाबांनी पानावर तळहात ठेवला. पण एकाखाली एक नावांची अशी यादी त्यानं ठाण्यात बघितली होती, त्याला कळलं. पावसात भिजत तो अगदी साध्या आवाजात, शेजाऱ्याकडे मीठ मागावं तसं, म्हणाला, "मंग तितलं खोडून टाका ना पाटील. आता हितं आलंय."

वही बाबांची होती. अक्षर बाबांचं होतं. पेन हातात होतं आणि साहेब पाठ करून गाडीपाशी उभे होते. एक रेघ मारायची होती.

"ते असं खोडता नाय येत," बाबा म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

गणपतीआधी भर जेवणात बापाचं तोंड बंद करणारी मी, तिथं छत्री धरून उभी होते. पेन माझ्याही दप्तरात होतं. मला बोलता आलं असतं, वही ओढून घेता आली असती. त्याऐवजी मी म्हटलं, "मामा, घरी चल, आई चहा ठेवील."

"येतो," तो म्हणाला. मग दगडावरचा भिजलेला कापूस त्यानं कानात घातला आणि आमच्या घराची वाट सोडून, ओढ्यातून, सरळ वाडीकडे निघून गेला.