ग्लो आला की जेवू
आमच्या घरात इंग्रजी शिकलेली एकटी मी, पण घरात सगळ्यात जास्त वापरला गेलेला इंग्रजी शब्द आईचा. ग्लो. बाबांनी तो कारखान्यातून आणला. बाबा लोखंडाच्या भट्टीवर होते. लोखंडावरचा वितळलेला मळ, म्हणजे स्लॅग, मोठमोठ्या भांड्यांत भरून इंजिन दूर नेई आणि ढिगावर ओती. तो ओतला की भिलाईचं अर्धं आभाळ नारिंगी होई. शेजारचे हिंदीवाले म्हणत, स्लॅग गिरा. बाबा म्हणत, ग्लो आला. आईनं तो शब्द असा उचलला की जणू माहेराहून आणलेला.

मग काय, सगळीकडे ग्लो. दिव्यात तेल कमी झालं की "ग्लो गेला दिव्याचा." हीटरची तार लाल झाली की ग्लो. कोणाची नवी सून पाहून आली की "तोंडावर ग्लो हाय पोरीच्या, पण बोलाले भल्ली फटकळ." मला ताप आला की गालाला हात लावून म्हणे, "हा ग्लो काही बरा नाही." मी शाळेत इंग्रजी शिकवते. फळ्यावर लिहिते, ब्लेझ म्हणजे भडका, फ्लेम म्हणजे ज्योत, आणि ग्लो म्हणजे ज्योत नसतानाचा उजेड. राखेखालच्या निखाऱ्याचा. पोरं विचारतात, "मॅडम, क्रीमवाला ग्लो?" हो रे बाबांनो, तोही. डिक्शनरीत जेवढे अर्थ दिलेत तेवढे सगळे माझ्या आईनं डिक्शनरी न उघडता वापरले होते.

पण तिचा खरा ग्लो एकच. बाबा सेकंड शिफ्टला असले की संध्याकाळी ती आम्हाला वाढायची, स्वतः घास तोंडात घालायची नाही. अंगणात उभी राहायची. आभाळ लाल झालं की हात जोडायची आणि मगच ताट घ्यायची. स्लॅग पडला म्हणजे भट्टी नीट चालू आहे, भट्टी चालू आहे म्हणजे माणूस सुखरूप आहे, असा तिचा सरळ हिशोब. त्या काळी फोन कोणाकडे होते! पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांधावरून आलेली बाई, तिला भट्टी काय ठाऊक. तिला आभाळ वाचता येत होतं, तेवढं तिनं वाचलं.

या सवयीनं एकदा फजितीही झाली. मामाच्या गावाला, भंडाऱ्याकडे, लग्नाला गेलो होतो. दिवेलागणीला घरामागचं आभाळ लालभडक झालं. आईनं हात जोडले आणि म्हणाली, "आला ग्लो. वाढा आता पोट्ट्याहीले." मामा धोतर सावरत पळत आला. "अवो बाई, तनसीचा ढीग जळून राहिला ना! बादली घे!" सगळं गाव पाणी घेऊन धावत होतं आणि माझी आई समाधानानं पत्रावळी मांडत होती. नशीब, भाताच्या पेंढ्याच्या त्या ढिगावरच भागलं. पुढं प्रत्येक लग्नात मामी तिला चिडवायची, "भिलाईवाली बाई आग पायते अन् ताट वाढते." आईही हसायची. आम्हा कॉलनीतल्या पोरांनाही लाल आभाळाची कधी भीती वाटली नाही. ते काळं राहिलं की वाटायची.

बाबा रिटायर झाले, कारखान्याचं क्वार्टर सोडून आम्ही हुडको वसाहतीत घर घेतलं, तरी आईचं सुरूच. संध्याकाळी छतावर खुर्ची टाकून बसायची. बाबा शेजारीच बसलेले असायचे, शेंगा खात. म्हणायचे, "अवो, मी तं येथीच हावो. आता कोनासाठी पायते?" आई म्हणायची, "तुमच्या जागेवर दुसरं कोनी असन ना? त्याच्या घरी बी कोनी उपाशी बसली असन." यावर बाबा शेंगा बाजूला ठेवायचे आणि तेही जेवायला थांबायचे.

मागच्या थंडीत बाबा गेले. छातीत दुखतंय म्हणाले, दादा गाडी काढेपर्यंत संपलं. आई रडली नाही. आल्यागेल्याला पाणी विचारत होती, पाहुण्यांची अंथरुणं घालत होती. बायका म्हणाल्या, मोठी धीराची बाई. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि त्याच संध्याकाळी ती खुर्ची घेऊन छतावर जाऊन बसली.

आता पंचाईत ही, की ग्लो येतोच कुठे? स्लॅगवर आता भट्टीपाशीच पाणी मारतात, त्याची रेती होते आणि ती सिमेंटवाले नेतात. आभाळ कित्येक दिवस लाल व्हायचं नाव घेत नाही. आणि आईला शुगर. संध्याकाळची गोळी घ्यायची, आणि वर जाऊन उपाशी बसायची. एक दिवस वहिनी चहाचा कप आणायला वर गेली तर आई घामानं भिजलेली, हात थरथरत होते, तिला वहिनीही ओळखू येईना. साखरेचं पाणी पाजलं म्हणून वाचली. डॉक्टरांनी दादाला झापलं. गोळी घेतली की जेवलंच पाहिजे, पुन्हा असं झालं तर मला बोलावू नका, म्हणाले.

दादानं ठरवून टाकलं की आई विसरायला लागली आहे, बाबा गेलेत हेच तिला आठवत नाही. त्याची पोरं आपसात कुजबुजायची, "दादी को बताना मत, शॉक लगेगा." मला संताप यायचा, पण वाटायचं, खरंच असेल तर? वहिनी बिचारी युक्त्या करायची. खालूनच ओरडायची, "आई, आला बरं ग्लो, या जेवाले." आई वरून उत्तर द्यायची, "तो लग्नाच्या हॉलचा हॅलोजन हाय, बाई. भल्ली हुशार तू." एवढं कळणारी बाई नवरा गेलेला कसा विसरेल, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पडला नाही. घरात एक निदान झालं की सगळे त्यालाच धरून बसतात.

माझं सासर जवळच, दुर्गला. शाळा सुटली की अधूनमधून आईकडे जाते. त्या दिवशी गेले तर वहिनी जिन्यात ताट घेऊन उभी, डोळ्यांत पाणी. आईनं गोळी घेतली होती आणि ताट परत पाठवलं होतं. माझं डोकंच फिरलं. ताट हिसकावलं आणि वर गेले. आई खुर्चीत बसून पश्चिमेकडे बघत होती. वाळून नुसती चिपाड झाली होती.

"जेव," मी म्हटलं.

"थांब ना थोडं. येईन ग्लो."

"नाही येणार! आणि आला तरी काय? बाबा गेले, आई! कोणासाठी बसतेस?"

बोलून गेले. वाटलं, आता ही कोसळते. आईनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "कावून ओरडते? मले माहीत नाही का? तोंडात तुळशीचं पान मीच ठेवलं ना त्यांच्या."

मी ताट खाली ठेवलं. "मग? मग हे काय चालवलंयस?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "हे पाय, मी वाट पायतो तोवर ते ड्यूटीवर हाय. मी जेवली, का ते गेले."

मी शाळेत दिवसभर बडबडणारी बाई. प्रत्येक गोष्टीवर माझ्याकडे उत्तर असतं, नवरा म्हणतो गरजेपेक्षा जास्तच असतं.  तिथे मात्र खाली बसले, भाकरी मोडली, वांग्याच्या भाजीत बुडवली आणि घास तिच्या तोंडापुढे धरला. हात तसाच पुढं धरून ठेवला. खांदा दुखायला लागला. ती घासाकडे बघत होती, आभाळाकडे नाही.

"मले भेव लागते," ती म्हणाली.

"मलाही लागतं गं," मी म्हटलं. खरंच लागत होतं.

तिनं तोंड उघडलं. घास कितीतरी वेळ चावला. गिळला. आणि मग आमच्या त्या धीराच्या बाईनं असा हंबरडा फोडला की दादा खालून अनवाणी धावत आला, गल्लीतली माणसं वर बघायला लागली. शेजारची छत्तीसगढी काकी आमचा जिना चढून धापा टाकत आली. बाबांच्या तेरवीला हिनंच आमच्या घरच्या पोळ्या लाटल्या होत्या. "का होगे? क्या हुआ दीदी को?" ती विचारू लागली.

मी आईला धरून बसले होते. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "बाबा नहीं रहे, काकी."

 काकीनं चप्पल काढून बाजूला ठेवली आणि आईला टेकून बसली.