लेकीच्या ओठावरची लव

माझ्या धाकट्या जावेच्या हातांवर एक केस नाही. लग्न होऊन डोंबिवलीहून नागावला आली तेव्हापासून बघतेय, सोललेल्या दुधीसारखे गुळगुळीत हात. माझ्या हातांवर कोपरापर्यंत काळी लव आहे. ओठावर तर चक्क मिशी आहे, तिला लव म्हणून मीच इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली. आमच्याकडे पर्यटक उतरतात. ही बिनबाह्यांचा ड्रेस घालून ओटीवर उभी राहिली की नवीन आलेली माणसं तिलाच मालकीण समजतात आणि टॉवेल माझ्याकडे मागतात. मासळी घासाघीस करून आणते मी, नारळ उतरवून घेते मी, गाद्या उन्हात टाकते मी, आणि मालकीण कोण, तर ती. मला तिचा हेवा वाटतो. मी तो कधी लपवला नाही, नवऱ्यापासूनही नाही. तो म्हणतो, तुला काय कमी आहे. मी म्हणते, कमी कुठे, माझ्याकडे जास्तच आहे, वांधा तोच आहे.

तरी हातांचं मी सहन केलं असतं. लेकीचं नाही झालं.

लेक नववीत आहे. त्या दुपारी पाहुणे समुद्रावर गेले होते आणि मी मागच्या पडवीत सोलकढीसाठी खोबरं खवत होते. जावेच्या खोलीची खिडकी तिथेच उघडते. आत लेक विचारत होती, "काकी, रेझर मारला की जाड येतात का गं?" आणि काकी सांगत होती, अगदी समजावून. जाड नाही येत, पण टोकं बोथट होतात, हात लावला की खरखर लागतं. क्रीम ओठाला नको, तुझी कातडी नाजूक आहे, चुरचुरेल. लेझरचं मोठी झालीस की डॉक्टरांना विचारू. हातांना वॅक्स कर, ओठाला दोरा. आणि आधी आईला विचार. त्यावर लेक म्हणाली, "आईला नको सांगूस."

माझा हात खवणीवर तसाच राहिला. पहिली पाळी आली तेव्हा ही पोर माझ्याकडे आली होती. शाळेत बाई ओरडल्या तरी आधी मला सांगायची. आता तिच्या अंगाची गोष्ट तिच्या काकीला ठाऊक आणि मला खिडकीतून ऐकायला मिळते. माझे पाहुणे घे, माझी ओटी घे, पण पोर कशाला घेतेस बाई.

वॅक्सबद्दल जाऊ आणखी एक बोलली होती, की घरीही करता येतं, साखर, लिंबू आणि पाणी, पाकच तो. पाक म्हटल्यावर मी उठलेच. आमच्या वाडीत लग्नाचे लाडू असले की पाक बघायला मला बोलावतात. एकतारी, दोनतारी, गोळीबंद, मला चमचा उचलला की कळतं. ही मला पाक शिकवणार? ठरवलं, लेकीचं मीच करणार, घरी, माझ्या हातांनी. मग बघू कोण कुणाला विचारतं ते.

साखर चढवली. लिंबू बघितलं तर घरात नाही. आमच्याकडे लिंबू नसलं म्हणून कुणाचं अडत नाही, आंबटाला कोकमाचं आगळ असतं. बाटली चुलीशेजारीच होती, उन्हाळ्यात मीच रातांबे फोडून, मीठ घालून केलेलं. ओतलं चांगलं वाटीभर. त्यात मीठ असतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार, पण रागात माणसाला आपलंच शिजवलेलं आठवत नाही. पाक झाला लालभडक. लेकीला लावायच्या आधी आपण बघावं म्हणून मागच्या दारी बसले आणि डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत थापला.

दुपारभर खवणीवर बसून हाताला बारीक ओरखडे पडले होते. मीठ त्यांत शिरलं तशी मी जागेवरून उठले. कापडाची पट्टी ओढली तर पट्टी हातात आली आणि पाक हातावरच. फार पुढे गेला होता, गार होऊन कडक झाला. पुन्हा ओढलं, डोळ्यांतून पाणी आलं, केस जागचे हलले नाहीत. तेवढ्यात माडाच्या बुंध्यावरच्या लाल मुंग्यांना वास लागला. मी तिथे एक हात वर धरून नाचतेय, आणि समोर जाऊ उभी.

ती हसली असती तर बरं झालं असतं, मला दोन शब्द सुनावता आले असते. तिने मला न्हाणीत नेलं आणि कोमट पाणी ओतत पाक हळूहळू विरघळवला. "वहिनी, चटका नाही ना बसत?" म्हणाली. तिचा हात माझ्या हाताशेजारी होता. माझा लाल, चिकट, केसाळ, त्यात मुंग्या. मला रडू आलं ते दुखण्याचं नव्हतं.

लेक न्हाणीच्या दारात येऊन उभी होती. मी तिच्यावरच उखडले. म्हटलं, "काकीला विचारतेस, मला सांगू नको म्हणतेस. मी काय मेले होते?"

ती खाली बघत म्हणाली, "तुला काय सांगू? की ओठावर तुझ्यासारखं आहे ते मला नको?"

जावेनं पाणी ओतायचं थांबवलं. मी म्हटलं, उद्या अलिबागला जाऊ, दोऱ्यानं करून घे.

तिघीही गेलो. जाऊ नसती आली तरी चाललं असतं, पण पार्लर तिच्या माहितीतलं. दोरेवाली नवीनच लागलेली होती. तिने लेकीच्या ओठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "तुमचीच ना? कळतंच." एरवी कुणी असं म्हटलं असतं तर मी तिला सोडली नसती. त्या दिवशी मात्र जावेकडे जरा मान ताठ करून बघितलं. दोरेवालीनं दोऱ्याचं टोक दातात धरलं, लेकीला जिभेनं आतून ओठ फुगवायला सांगितलं. पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण ती हलली नाही. झालं तेव्हा ओठ लाल होता आणि चेहरा एकदम मोकळा. माझी पोर इतकी देखणी आहे हे मला माहीत होतं, पण त्यातला माझा भाग तेवढा गेला होता.

जाऊ तिच्या ओठाला बर्फ लावत होती. शेजारच्या खुर्चीतली बाई कौतुकानं जावेला म्हणाली, "मुलगी गोड आहे हो तुमची."

जाऊ काही बोलायच्या आत लेकीनं बर्फ बाजूला केला. "ही काकी. आई ती," म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. ती बाई माझ्याकडे बघत राहिली, जुळवून बघत असावी.

दोरेवालीनं दोरा झटकला. "ताई, तुमचं पण करून टाकू?"

इतकी वर्षं ज्याचा हेवा केला ते समोर होतं, खुर्चीही रिकामी होती. मी नको म्हटलं. लेकीची लव काही दिवसांत परत येईल, तेव्हा जुळवून बघायला माझी जागेवर असलेली बरी.