बावीसचं ॲव्हरेज

एका आकड्याबद्दल मी खोटं बोलले. एकदा नाही, वर्षानुवर्षं. आणि हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आई जाईपर्यंत आईला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या धाकट्या भावाला, मिलिंदला, तर नाहीच. तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का? घरच्यांसारखं तुम्ही मध्येच "जाऊ द्या हो, झालं ते झालं" म्हणणार नाही म्हणून असेल.

पण आधी मला गाडीबद्दल बोलू द्या. तिच्याबद्दल बोलताना मला आजही चेव येतो. पांढरी, डिझेलची, पुढून साध्या मोटारीसारखी आणि मागून लांबलचक — डिकी वेगळी नाही, छत तसंच शेवटपर्यंत गेलेलं. मागची सीट पाडली की माणूस पाय पसरून झोपेल एवढी जागा. उदगिरात तेव्हा तशी गाडी दुसरी नव्हती, आणि आमच्या भागात गाडी चालवणारी बाईही दुसरी नव्हती. पहिल्याच आठवड्यात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर समोरचे ऑटोवाले आपोआप बाजूला व्हायला लागले. मला वाटलं, काय हा मान! मग एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून, खिडकीशी येऊन हळूच विचारलं, "कोण गेलं, बाई?" त्याला ती शववाहिका वाटली होती. मी पोट धरून हसले. पण खरं सांगू? रस्ता मिळत होता, तो मी घेत राहिले.

मी शाळेत गणित शिकवायची. नवरा नांदेडला रेल्वेत. दर शनिवारी एसटीत उभं राहून जायचं, रविवारी उभं राहून यायचं — कंटाळले होते. शेवटी स्वतःच्या पगारातून जुनी का होईना गाडी घ्यायची ठरवली. नवरा म्हणाला, फसशील. स्टाफरूममधले सर तर मी फसल्याचे पेढे खायला तयारच बसले होते. आपल्याकडं गाडी घेतली की रंग कोणता, कितवा मालक, हे नंतर. पहिला प्रश्न एकच — ॲव्हरेज किती देते? नांदेडच्या ज्या एजंटाकडून घेतली त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, बावीस, डोळे झाकून बावीस. डिझेलचा काटा अर्ध्यावर अडकून बसला होता. तो म्हणाला, काटा जरा आळशी आहे, बाकी गाडी रत्न आहे. मीही डोळे झाकले. आणि गाडी दारात लागायच्या आत गावभर सांगून मोकळी झाले — बावीस!

मग मोजलं. गणिताची बाई ना मी! टाकी नांदेडला गळ्यापर्यंत भरली, उदगीरला आले, परत गेले, परत गळ्यापर्यंत भरली. भागाकार तीनदा केला. तिन्ही वेळा पंधरा आले.

तेव्हाच बोलायला हवं होतं, नाही का? चार दिवस लोक हसले असते, पाचव्या दिवशी विसरले असते. पण जो तो "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" म्हणायला टपलेला. मान खाली घालणं मला कधी जमलं नाही. मी बावीसच सांगत राहिले — नवऱ्याला, सरांना, शेजारच्या बायकांना. कुणी हिशेब लावू नये म्हणून अर्धं डिझेल एका पंपावर भरायची, अर्धं गावाच्या दुसऱ्या टोकाला. सांगून सांगून तो आकडा माझ्या तोंडात इतका बसला की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी बावीसच आले असते.

आणि मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तुम्हाला आठवत असेल. उदगिरातही नळ कधी येईल ते नळालाच माहीत. टँकर आला की बाया-माणसं घागरी घेऊन त्याच्यामागं धावायची. मी काय केलं? सीट पाडली, वीस-वीस लिटरचे सोळा जार टाकले आणि गावाबाहेरच्या एका ओळखीच्या शेतातल्या बोअरवरून पाणी आणायला लागले. शाळेच्या आधी एक खेप, शाळा सुटल्यावर एक. गाडीची मागची बाजू जमिनीला टेकायला यायची, पण ओढायची बिचारी! त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली एकही बाई टँकरमागं धावली नाही. ज्या गाडीला लोक शववाहिका म्हणाले तिला बायका हळदीकुंकू लावायला लागल्या. मला ते कधी रुचलं नाही, आम्ही बौद्ध. पण गाडीला लावतायत तर लावू दे म्हटलं. काय दिवस होते ते! खिडकीची काच खाली करून मी गल्लीत शिरायची ती एखादी लढाई जिंकून आल्यासारखी.

जार चढवायला-उतरवायला मिलिंद असायचा. सव्वीस वर्षांचा, शिकलेला, कामाला लागलेला नाही. गाडी त्याला मीच शिकवली, आणि खोटं का बोलू, दोन महिन्यांत तो माझ्यापेक्षा चांगली चालवायला लागला. खड्डा यायच्या आधी त्याच्या पायाला कळायचं. डिझेल भरायला मात्र मी त्याला कधी पाठवलं नाही. त्याला वाटायचं, ताईला भावाच्या खिशाला तोशीस लावायची नाही.

तेव्हा उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. आज होणार, उद्या होणार, येत्या सव्वीस जानेवारीला नक्की होणार. लोकांनी कलेक्टर कचेरीची जागासुद्धा मनातल्या मनात ठरवून टाकली होती. मिलिंदच्या डोक्यात एकच — जिल्हा झाला की कचेऱ्या येतील, कचेऱ्या आल्या की गाड्या येतील, आणि गाड्यांना ड्रायव्हर लागतील. लायसन्स होतं. हवा होता अनुभवाचा दाखला. तो देणार होते अप्पा — मोंढ्यातले धान्याचे व्यापारी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, तोलून-मापून बोलणारा माणूस. त्यांना स्वतःच्या जीपवर ड्रायव्हर हवा होता. ते एका संध्याकाळी आमच्याकडं आले. त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता आणि नांदेडहून पाहुणे आणायचे होते.

"बाई, तुमची लांब गाडी एक दिवस द्या," अप्पा म्हणाले. "नवरदेवाच्या आत्याबाईचे गुडघे गेलेत, जीपमध्ये चढता येत न्हाई. मिलिंदच जाऊ द्या. पोराचा हात बी बघून घेतो." आणि उठता उठता विचारलं, ॲव्हरेज काय देते. मिलिंद दारात उभा होता. मी म्हणाले, बावीस.

आता मी त्या सकाळवर येते. तिच्याभोवती मी इतका वेळ फिरतेय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

टाकी रिकामीच समज, एवढं मी त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं. सकाळी सहाला तो पंपावर जाऊन आला. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. अप्पा पाहुण्यांसाठी पेढ्यांचा पुडा घेऊन फाटकाशी आलेले. मिलिंद खिडकीतून मला म्हणाला, "ताई, जाऊन-येऊन दोनशेवीस किलोमीटर हाय. दहा लिटरमध्ये होतंय. मी बारा टाकलंय."

बारा गुणिले पंधरा. एकशे ऐंशी. सातवीतलं पोर सांगेल. गाडी परतीच्या वाटेवर, उदगीरच्या चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर अलीकडं कोरडी पडणार, हे मला त्या क्षणी, दारात उभ्या उभ्या, स्वच्छ दिसलं. अजून आठ टाक, एवढंच म्हणायचं होतं. पण अप्पांनी वर पाहिलं असतं. म्हणाले असते, का हो बाई, बावीस देते ना?

मी म्हणाले, "लई झालं."

दोनच शब्द. ते मी घाबरून म्हणाले, असं म्हणायला मला आवडलं असतं. मी ते हसून म्हणाले. आणि त्यानंतरही वेळ होता की! मोबाइल पर्समध्ये होता. मधल्या सुट्टीत दोनदा त्याचं नाव काढलं, दोनदा फोन परत ठेवला. मोकळ्या रस्त्यावर जाईल अठरापर्यंत, अशी स्वतःची समजूत घातली. कोणत्या आधारावर? कोणत्याच नाही.

परतताना वाटेतलं जांब गाव सोडलं आणि गाडी बंद पडली. अकराचं ऊन, एप्रिल महिना, दोन्हीकडं काळी फुटलेली रानं. पुढचं मला त्या आत्याबाईंनीच सांगितलं, तेही मोठ्या कौतुकानं. मिलिंदनं सगळ्यांना बाभळीखाली बसवलं, स्वतःच्या पाण्याची बाटली आत्याबाईंना दिली आणि चालत जाऊन एका ट्रॅक्टरवाल्याकडून पाच लिटर डिझेल आणलं. ओतलं. पण डिझेलची गाडी पेट्रोलसारखी नसते — एकदा पूर्ण कोरडी पडली की नळ्यांमध्ये हवा धरते आणि मग कितीही डिझेल ओता, उठत नाही. त्यानं हे कधी पाहिलेलं नव्हतं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, हवा काढावी लागंल, आणि कामाला निघून गेला. मग मिलिंदनं एकट्यानं, तापलेल्या बॉनेटखाली वाकून, फिल्टरवरचा बोल्ट सैल केला. तिथलाच डिझेलचा छोटा हातपंप दाबत राहिला, दाबत राहिला. आधी नुसता फेस आला. मग फेसात डिझेल. मग शुद्ध डिझेलची धार. बोल्ट आवळला, चावी फिरवली, बॅटरी रडायला लागलेली — आणि गाडी उठली! आत्याबाईंनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मला म्हणाल्या, "पोरानं मेलेलं इंजिन जितं केलं." तो इस्त्रीचा शर्ट कोपरापर्यंत काळा झालेला मी स्वतः पाहिला.

दुपारी बाराला यायचे पाहुणे चार वाजता आले. साखरपुडा झाला, जेवणं झाली, कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं फक्त एकाचं. मांडवात अप्पांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, बावीस देते म्हणाला व्हता ना तुम्ही?"

मिलिंद तिथंच होता, बोटं पुसत. म्हणाला, "ताई, बारा टाकलं व्हतं गं."

मी म्हणाले, "मग गेलं कुठं?"

पाहा, मी त्याला चोर म्हणाले नाही. मला म्हणावंच लागलं नाही. गाडी बावीस देते, त्यानं बारा टाकलं, आणि एकशे ऐंशीवर गाडी कोरडी — उरलेलं डिझेल कुणीतरी विकलंच असणार की! मांडवातल्या प्रत्येकानं तो हिशेब मनात केला, आणि गणिताच्या बाईचा आकडा चुकेल असं एकालाही वाटलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, असल्यांच्या हातात किल्ली दिली की दुसरं काय होणार. "असल्यांच्या" म्हणजे कुणाच्या, ते मला कळलं. ते ऐकत मी लहानपणापासून मोठी झाले होते. तरीही मी गप्प बसले.

अप्पांनी दुसरा माणूस ठेवला. गावानं मिलिंदला नाव ठेवलं — कोरडा दुष्काळ. चौकात दिसला की, आला बघा कोरडा दुष्काळ. पाठीमागं डिझेलचोर. त्यानं मला कधी जाब विचारला नाही. दुसऱ्या दिवसापासून जार चढवायला पूर्वीसारखाच यायचा, पण स्टिअरिंगला हात लावला नाही. आजतागायत लावलेला नाही. पाइपच्या दुकानात नोकरी करतो. घरची लग्नं-कार्यं असली की मागच्या सीटवर, खिडकीशी बसतो. त्याला खरं कळलं होतं का? तो हिशेबात माझ्यापेक्षा कच्चा नव्हता. आणि मला वाटतं, म्हणूनच त्यानं विचारलं नाही.

जिल्हा काही झाला नाही. कचेऱ्या आल्या नाहीत, ड्रायव्हरच्या जागा निघाल्या नाहीत. मग त्याचं नुकसान तरी काय झालं, असं मी कितीदा स्वतःला विचारलं आहे! तो प्रश्नच आता खोडून टाकते. त्याचं नाव गेलं, आणि ते माझ्या तोंडून गेलं.

गाडी परवा विकली. घेणाऱ्यानं विचारलं, ॲव्हरेज? माझं तोंड उघडलं आणि सवयीनं ‘ब’चा आवाज निघालाही. मी तोंड मिटलं, त्याला म्हणाले, तुम्हीच मोजून बघा. ती गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत पाहत उभी राहिले, मग आत येऊन हे लिहायला बसले. आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत कधी वाटलं नाही इतकं आज मोकळं, ताठ मानेनं बसल्यासारखं वाटतंय. कारण हे माझं नाही, त्याचं जिंकणं आहे आणि ते मला लिहायला मिळतंय. माझ्या भावानं बारा लिटर टाकलं होतं. थेंब विकला नव्हता. मी सांगितलेल्या आकड्यावर त्याचा हिशेब चोख होता, वर दोन लिटर जास्तीचं धरलेलं होतं. आणि मेलेलं इंजिन त्यानं भर उन्हात, न शिकता, आपल्या हातांनी जितं केलं. उदगिरात असा ड्रायव्हर तेव्हा दुसरा नव्हता.

गाडी पंधरा देत होती. जार भरलेले असले की तेरा. त्या सकाळी दारात उभी असताना हे मला ठाऊक होतं.