बावड्याच्या चौकातली पाणबुडी

बुधवार, ५ मार्च २०२५. सकाळी सांडगे घातले. कोहळा एकच आणला, पण मोठा निघाला. बाळाबाई मदतीला. नळाचं पाणी उशिरा आलं. दुपारी पृथ्वीराजचा फोन. ठीक.

संयोगिताबाईंच्या डायरीत मुलाच्या फोनला एवढीच जागा असायची. लहानपणी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी सांगितलं होतं, घडलं ते लिही, वाटलं ते लिहू नकोस. तेव्हापासून त्यांनी एक दिवसही चुकवला नव्हता. यजमान गेले त्या तारखेखाली सकाळचं दूध नासल्याचीही नोंद आहे. सगळा कसबा बावडा त्यांना आक्का म्हणतो आणि कुणाचं बारसं कधी झालं हे विचारायला त्यांच्याकडेच येतो.

पण पृथ्वीराज नौदलात पाणबुडीवर गेला आणि या डायरीला पहिल्यांदाच कुंपण पडलं. "आई, कुठली बोट, कधी निघणार, कधी येणार, एवढं सोडून काहीही विचार," असं त्यानं बजावलं होतं. आक्कांनी कधी विचारलं नाही आणि लिहिलंही नाही.

त्या बुधवारीही तो एवढंच म्हणाला, "रविवारनंतर माझा फोन लागणार नाही. काळजी करू नकोस." आता आक्कांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता. आणि शेजारी कोहळा किसत दूध घालणाऱ्या बाळाबाई बसल्या होत्या.

गुरुवारी सकाळी बाळाबाई दुधाची किटली घेऊन आल्या, त्या हसतच.

"आक्का, चला चौकात. डोळं दिपत्याल तुमचं!"

"काय झालं?"

"आदी चला की!"

चौकात दोन पुरुष उंचीचा फ्लेक्स उभा होता. मधोमध गणवेशातला पृथ्वीराज. दिवाळीत बाळाबाईंनी हौसेनं काढलेला फोटो. वर लाल अक्षरं: 'बावड्याचा ढाण्या वाघ! पृथ्वीराजदादा अणुपाणबुडीवरून रविवारी समुद्राच्या तळाशी रवाना! शत्रूची झोप उडणार!' खाली तालमीतल्या पोरांचे ओळीनं गॉगल लावलेले चेहरे. आणि मागं काळीभोर पाणबुडी, तिच्या पाठीतून ज्वाळा ओकत वर निघालेलं क्षेपणास्त्र.

आक्कांनी ती लाल अक्षरं दोनदा वाचली. मुलगा खरंच अणुपाणबुडीवर होता का, हे त्यांनाही माहीत नव्हतं. पोरांनी टीव्हीवरची अणुपाणबुडीची बातमी आणि बाळाबाईंचा रविवार यांची मोट बांधली होती. पण मोट खरी निघाली तर? असल्या बोटीच्या पोटात काय असतं हे आक्कांनी पेपरात वाचलं होतं. एकाच क्षेपणास्त्रात कोल्हापूर आणि इचलकरंजीची राख होईल. ते आजवर अक्षरांत होतं. आज ते मुलाच्या खांद्यामागं रंगवलेलं बघून त्यांच्या डोळ्यांसमोर तिकडच्या, शत्रूच्या मुलखातल्या कुठल्या तरी गावातली, सांडगे वाळत घालणारी बाई आली. आणि मग आठवलं, की तिकडच्याही बोटी पाण्याखाली फिरत असतात, आपली हुडकत. नौदलाला हा फ्लेक्स कळला तर पृथ्वीराजची चौकशी लागेल, नोकरी जाईल. नको त्या माणसाला कळला तर बोटच जाईल.

तालमीचा अध्यक्ष विजयसिंह शिडीवर चढून हार घालत होता. जुना पैलवान, कान मोडलेले, आवाज दोन गल्ल्या ऐकू जाईल असा.

"या, आक्का, या! नारळ तुमच्याच हातनं फोडायचा हाय!"

"विजय, हे आत्ताच्या आत्ता उतरव."

"का? फोटू बारका झाला व्हय?"

"उतरव म्हणते ना."

"आवो, गणपतरावांच्या म्हशीचा प्रदर्शनात नंबर आला तर फ्लेक्स आठवडाभर हितंच हुता. आन पृथ्वीराजचा नको? म्हशीपेक्षा कमी हाय व्हय त्यो?"

"ही बोट कुणाची आहे?"

"पृथ्वीराजची की!"

"झेंडा बघ तिच्यावरचा."

विजयसिंहानं मान वर केली. झेंडा कुठल्या तरी परक्या देशाचा होता. "त्या डिझाइनवाल्याच्या..." एवढं बोलून पुढचा शब्द त्यानं आक्कांकडं बघून गिळला. "बदलून घेतो. दुपारपतूर नवा लागंल."

म्हणजे पुन्हा छापणार! आक्कांनी शिडीच धरली.

"विजय, मैदानात उतरायच्या आधी कुठला डाव मारणार ते तू कधी चौकात सांगितलंस?"

"न्हाय बा. वस्तादांनी सालटं काढलं असतं."

"मग पृथ्वीराजचाही एकच डाव आहे. दडून राहायचं. ती बोट कुठं आहे, कधी निघाली, हे कुणाला कळत नाही म्हणून समोरचा वचकून असतो. ते कळलं की डाव फुटला. आणि बोटीत एकटा पृथ्वीराज नाही रे, किती घरची पोरं आहेत."

विजयसिंहाच्या हातातला हार खाली पडला. पुढच्याच क्षणी तो शिडीवरून गरजला, "मोबाईल भाईर काढा रं समद्यांनी! पानबुडीचं स्टेटस पुसा!"

"अरे, हळू!" आक्का कळवळल्या. "आता पाणबुडी कागलपर्यंत ऐकू गेली."

मग मात्र तो कुजबुजायला लागला. त्याची कुजबूज ऐकायची बावड्याला सवय नव्हती. पोरं एवढी घाबरली की धडाधड फोटो पुसू लागली. एकाचं स्टेटस चार जणांनी बघून झालं होतं. विजयसिंह त्याला गाडीवर मागं बसवून त्या चौघांच्या दारात गेला आणि समोर उभं राहून पुसून घेतलं. इकडं आक्कांनी फ्लेक्सची घडी घालून काखेत मारली होती.

"त्यो फ्लेक्स माझ्या गोठ्यावर टाकते की वो," बाळाबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "माझ्याच तोंडाला कुलूप न्हाई बगा, आक्का."

"आता लावा. आणि फ्लेक्स मिळायचा नाही. म्हशीलाही कळता कामा नये."

रिकामा सांगाडा तसाच उभा राहिला आणि जाणारा-येणारा थांबून विचारू लागला, काय हो, वाघ कुठं गेला? विजयसिंह परत आला, त्यानं सांगाड्याकडं बघितलं, मग आक्कांकडं.

"आक्का, वाढदिवस कधी तुमचा?"

"ऑगस्टमध्ये."

"न्हाय. आज हाय."

दुपारी त्याच सांगाड्यावर चष्मा लावलेल्या आक्का झळकल्या. 'आक्कांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा!' खाली तीच गॉगलवाली पोरं. मग घरी रीघ लागली. केक आले, नारळ आले, कुणी हलगी वाजवली. दर माणसामागं आक्का न चुकता खोटं बोलत होत्या. गाल तापले होते, आणि तोंडावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं. सिस्टरच्या वर्गात चिठ्ठी फिरवतानाही एवढी मजा आली नव्हती.

दिवेलागणीला फोन वाजला. या वेळी त्यांनी स्पीकर लावला नाही. फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

"आई, आज तुझा वाढदिवस? मला फोटो आलेत. तुझा ऑगस्टमध्ये असतो ना?"

"असतो."

"मग हे काय चाललंय?"

"कुठला फ्लेक्स, कधी लागला, का लागला, एवढं सोडून काहीही विचार."

पृथ्वीराज असा हसला की फोन कानापासून दूर धरावा लागला. हसता हसता एकदम थांबला.

"आई, काही बाहेर गेलं नाही ना?"

"गेलं नाही. चौकात मी स्वतः उभी होते."

"बरं," तो हळूच म्हणाला. "जेवून घे. केकवर भागवू नकोस."

फोन ठेवून आक्का परसात गेल्या. हातात मोठी कात्री होती. परतल्यावर त्यांनी हात धुतले, चष्मा पुसला आणि डायरी उघडली. वाढदिवस घडलाच नव्हता, त्यामुळं तो लिहिण्याचा प्रश्न नव्हता.

गुरुवार, ६ मार्च २०२५. सांडगे वाळत आले. बंब आज संध्याकाळीच पेटवला. पाणी लवकर तापलं, पण घरभर प्लास्टिकचा वास.